अरॉकेरिया पाडला तो दिवस

सरांनी मुकादमाच्या तोंडावर छत्री हाणली आणि तिथून पुढं कुणाचंच कुणावर नियंत्रण राहिलं नाही. लांब दांड्याची जुनी काळी छत्री होती ती, टोकाला लोखंडी टोपण असलेली. मुकादमाचा खालचा ओठ फाटला. रक्त हनुवटीवरून उतरून शर्टाच्या खिशापर्यंत आलं. तो क्षणभर नुसता बघत राहिला. जाड चष्म्याचा, चपला घातलेला एवढा म्हातारा माणूस असा मारील, हे त्याला खरंच वाटत नसावं. मला मात्र आश्चर्य वाटलं नाही. मी सरांना कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ओळखत होते.

मी या शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमचं गाव वैजापूरकडचं. घरी कापूस आणि कांदा. बारावीनंतर याच कॉलेजात शिकायला आले, आणि पुढं याच विभागात तासिकेवर शिकवायला लागले. सर तेव्हा विभागप्रमुख होते. वर्गात खडू फेकायचे, डस्टर फेकायचे. एकदा एका पोरानं बागेतल्या झाडाच्या सालीवर कंपासपेटीतल्या करकटकानं बदाम कोरला, तर सरांनी त्याला कान धरून फाटकापर्यंत ओढत नेलं आणि फाटकात सगळ्यांदेखत मुस्काटात दिल्या. त्याचे वडील जाब विचारायला आले, तेव्हा सर त्यांच्याही अंगावर धावून गेले. असा मास्तर आज कुणी चालवून घेणार नाही, आणि घेऊही नये. पण मला अभ्यासाची गोडी लागली ती त्यांच्यामुळं, हेही खरं आहे.

ती बाग आमच्या प्रयोगशाळेच्या मागं होती. बाग म्हणण्याइतकी मोठी नव्हती. विटांच्या कुंपणातली एक पट्टी. सरांनी तिथं फक्त जुन्या कुळांची झाडं लावली होती. फुलं या पृथ्वीवर यायच्या आधीपासून जी कुळं आहेत, ती. एक नर आणि एक मादी सायकस; लोक त्याला शोभेचा खजूर समजतात. एक पोडोकार्पस. कुंडीत एक गिंको, जो दर उन्हाळ्यात मरायचा आणि दर पावसाळ्यात सर पुण्याहून नवा आणायचे. आणि मधोमध अरॉकेरिया. शहरात सगळे त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. ओळंबा लावल्यासारखं सरळ खोड, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूबाजूंनी सारख्या अंतरावर निघालेल्या फांद्या, आणि पानं अशी की सुतळी वळून ठेवल्यासारखी. सरांनी ते रोप तरुणपणी तेलाच्या डब्यात आणलं होतं. मी शिकायला आले तेव्हा ते प्रयोगशाळेच्या गच्चीवरून डोकं काढत होतं, आणि मी शिकवायला लागले तेव्हा मुख्य इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्याही वर गेलं होतं.

त्याच्या बुंध्याशी जात्याच्या पाळूएवढा एक दगड ठेवलेला होता. तो दगड म्हणजे खोड होतं. सिरोंचाकडच्या एका शेतकऱ्याला विहीर खणताना सापडलं होतं आणि त्यानं ते सरांना दिलं होतं. साल, गाभा, फांदीची गाठ, सगळं जागच्या जागी, फक्त लाकडाच्या ठिकाणी दगड.

दर वर्षी नव्या मुलांना सर त्या दगडाभोवती उभं करायचे.

"हा कसा मेला, सांगा," ते विचारायचे. मग तेच सांगायचे. "पुरानं मुळासकट उपटला. ओढत नेला. फांद्या मोडल्या, साल सोलली, आणि वाळूत गाडला. शांतपणे मेलेलं झाड कुजून जातं, त्याचा दगड होत नाही. आता खाली बघा. तुम्ही उभे आहात तो काळा दगड म्हणजे आग होती. जमीन फाटली, लाव्हा वाहिला, एका थरावर दुसरा थर. इथं जे उभं होतं ते सगळं जळालं."

"मग हे झाड कसं वाचलं, सर?" असं मी माझ्या वर्षी विचारलं होतं.

"याचे भाऊबंद दुसरीकडं होते म्हणून वाचले. बाकी काही नाही. शौर्यबिर्य काही नाही त्यात."

सर निवृत्त झाले, तरी रोज सकाळी बागेत यायचे. गुलमंडीत कापडाच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथून रिक्षानं यायचे, झाडांना पाणी द्यायचे, माझ्याशी दोन शब्द बोलायचे आणि जायचे. लग्न केलेलं नव्हतं. मग संस्थेनं ठरवलं की त्या पट्टीवर सभागृह बांधायचं. सर कार्यालयात जाऊन ओरडून आले. त्यांना सांगण्यात आलं की सायकस दुसरीकडं हलवू, मोठ्या झाडाचं बघू. ते 'बघू' ऐकून सर मला म्हणाले, "बघू म्हणजे पाडणार."

मे महिन्याच्या सुट्टीत मी पेपर तपासायला विभागात बसले होते. सकाळची वेळ होती, पण ऊन तापलं होतं. मागून जेसीबीचा आवाज आला. खिडकीशी गेले तर कुंपण पडलेलं होतं आणि पोडोकार्पस मुळं वर करून मातीत आडवा झाला होता. मी सरांना फोन लावला आणि धावत खाली गेले.

तिथं तीन मजूर होते, जेसीबीवर एक चालक, आणि मुकादम. मुकादम माझ्याच वयाचा असेल. चितेगावच्या पलीकडं त्याचं गाव; धनगराचं घर, म्हातारे आईवडील अजून शेळ्या-मेंढ्या राखतात आणि तो बांधकामावर. हे मला नंतर कळलं. त्या वेळी तो माझ्याशी अगदी अदबीनं बोलला.

"मॅडम, आमाला जागा मोकळी करायला सांगितलीय. झाडाचं काय असंल ते तुमी हापिसात बोला."

"सर येतायत. त्यांनी लावलेली झाडं आहेत ही. ते येईपर्यंत थांबा."

"थांबतो की. त्यात काय."

आणि तो खरंच थांबला. इंजिन बंद करायला लावलं, मजुरांना सावलीत बसवलं, थर्मासमधला चहा मलाही देऊ केला. सर थोडे शांत डोक्याचे असते तर त्या दिवशी कदाचित झाड तेवढं पडलं असतं, माणसं शाबूत राहिली असती.

सर रिक्षातून उतरले. त्यांनी आधी पोडोकार्पस बघितला. वाकून त्याच्या मुळाला हात लावला. मग सरळ चालत मुकादमाकडं आले.

"कुणी पाडला हा?"

"सर, तुमी जरा बाजूला..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत छत्री बसली.

मुकादमानं ओठाला हात लावला, हाताकडं बघितलं आणि दुसरा फटका यायच्या आत सरांच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का दिला. सर मागं उडाले ते थेट नर सायकसवर पडले. सायकसचं पान लांबून पिसासारखं दिसतं, पण त्याच्या प्रत्येक पातीचं टोक दाभणासारखं असतं. सरांचा चष्मा कुठंतरी गेला. पडताना ते वळले, पानांत तोंडघशी अडकले आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला जो मी माणसाकडून कधी ऐकला नव्हता.

मी मुकादमाच्या अंगावर गेले. काय करत होते ते मला कळत नव्हतं. त्याच्या हाताला चावले. तोंडात त्याचं मनगट, घामाची आणि सिमेंटची चव. त्यानं हात सोडवायला कोपर फिरवलं, ते माझ्या डाव्या कानावर बसलं. दुसऱ्यांदा फिरवलं ते जबड्यावर. दात तुटल्याचा आवाज मला डोक्याच्या आतून आला. एका मजुरानं मागून माझी वेणी धरून मला ओढलं.

"अरे भाई, लेडीज पे हाथ मत उठाओ!" वरून चालक ओरडला. "क्या कर रहे हो तुम लोगां!"

मुकादमाचं तोंड रक्तानं भरलं होतं. तो त्याच्याकडं वळून किंचाळला, "तू पाड ते! पाड! आत्ताच्या आत्ता पाड!"

"इधर से नको, उलटा गिरेगा..."

"पाड म्हणतो ना!"

चालकानं इंजिन सुरू केलं. जेसीबीचा लोखंडी पंजा पहिल्यांदा खोडावर बसला तेव्हा झाड मुळापासून शेंड्यापर्यंत थरथरलं आणि सुतळीसारखी वाळली पानं आमच्यावर पडली. साल फाटली. आतून दुधासारखा पांढरा डिंक यायला लागला. दुसरा घाव. तिसरा. प्रत्येक घावाला जमिनीतून धप्प असा आवाज माझ्या पायांना कळत होता. त्या झाडाची मुळं खोल नव्हती. हातभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. मग चालकानं पंजा खोडाला टेकवून रेटा दिला. मुळं एकेक करून तुटली, प्रत्येकीचा आवाज फटाक्यासारखा. झाड कलायला लागलं. मोकळ्या जागेकडं नाही, उलट्या बाजूला, पाण्याच्या टाकीकडं.

टाकी उंच खांबांवरची, सिमेंटची. तिच्या तळाला दर उन्हाळ्यात आग्या मोहोळं लागायची. काळ्या पोत्यांसारखी लोंबत असायची. मुलांना तिकडून जायला बंदी असायची.

झाडाचा शेंडा टाकीच्या तळावर घासत गेला. पोती फाटली.

एक क्षण काहीच झालं नाही. झाड पडलं, धूळ उडाली, जमीन हादरली. मग धुळीतून एक घरघर यायला लागली, मोठा पंखा सुरू व्हावा तशी, आणि ऊन काळं झालं. ज्यानं माझी वेणी धरली होती तो ओरडून पळाला. तिन्ही मजूर आवाराच्या भिंतीवर चढले. चालकानं जेसीबीवरून उडी मारली, टाच मोडली तरी लंगडत भिंतीवरून पलीकडं पडला. मी प्रयोगशाळेकडं धावले. केसांत, मानेवर, पापणीवर माश्या. आग्या माशीचा डंख म्हणजे तापलेली सळई लावल्यासारखा असतो, आणि एकीनं डंख मारला की बाकीच्या तिथंच येतात. मी आत शिरून दार लावलं, नळाखाली डोकं घातलं आणि हातात सापडलेल्या वहीनं स्वतःच्याच डोक्यावर मारत सुटले.

खिडकीला माश्या गारांसारख्या आपटत होत्या. त्यांच्यातून मला बाहेरचं दिसलं. सर सायकसच्या पानांतच आडवे होते, हातांनी तोंड झाकून, अजिबात न हलता. त्यांना माहीत होतं की हलायचं नाही. मुकादम मध्ये होता. तो हात झाडत होता, पळत होता, पडत होता. त्याच्या रक्तावर, घामावर माश्यांचा थर बसला होता. डोक्याच्या जागी काळं काहीतरी हलताना दिसत होतं.

रोपवाटिकेसाठी आणलेली हिरव्या शेडनेटची गुंडाळी कोपऱ्यात होती. मी ती डोक्यावरून अंगाभोवती गुंडाळली, टोकं दातांत धरली. तुटलेल्या दातावर जाळी दाबली गेली आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. तशीच बाहेर गेले.

मी सरांसाठी गेले होते. मुकादमासाठी नाही. मी त्याच्या बाजूनं पुढं जात होते, तेवढ्यात त्यानं माझा पाय धरला. मी झटकला, त्यानं सोडला नाही. खाली बघितलं तर त्याचे डोळे सुजून बंद झाले होते. आपण कुणाचा पाय धरला आहे हे त्याला माहीत नव्हतं. ओढलं तरी त्याची पकड सुटेना, आणि तिथं उभं राहून विचार करायला वेळ नव्हता. मी जाळी उचलली आणि त्याला आत घेतलं.

"कोण?" तो म्हणाला.

"चल. रांगत चल. हात झाडू नको."

एका जाळीत आम्ही दोघं. त्याच्या शर्टातल्या माश्या आता मलाही चावत होत्या. तसेच आम्ही सरांपर्यंत पोचलो. मी सरांच्या काखेत हात घातला, पण मला ते उचलेनात. सर उंच होते, हाडापेराचे.

"कोन हाय?" मुकादम म्हणाला. "म्हातारा?"

"हो."

"माझ्या पाठीवर टाका. मला दिसत नाय. तुमी वाट सांगा."

मी सरांना त्याच्या पाठीवर लोटलं. तो गुडघ्यांवर उठला, मग पायांवर. जाळी तिघांवर पुरत नव्हती. सर वरच्या बाजूनं उघडे पडले होते. मी मुकादमाचा पट्टा धरून पुढं चालत होते. "उजवीकडं. खड्डा आहे. पाय उचल. फांदी आहे, मोठी, वळसा घे." पडलेल्या अरॉकेरियाच्या फांद्या वाटेत आडव्या होत्या आणि तो त्यांना अडखळत होता, पण पडला नाही. दाराच्या पायरीवर मात्र त्याचा श्वास घुसमटायला लागला. आत येऊन त्यानं सरांना जमिनीवर ठेवलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी आडवा झाला. गळा दोन्ही हातांनी धरला होता. ओठ निळे पडत होते.

"श्वास," तो म्हणाला. "श्वास नाय."

कॉलेजच्या चौकीदारानं पोत्याचा धूर करत रिक्षा पार प्रयोगशाळेच्या दाराला आणून लावली. आम्ही तिघं त्यात एकमेकांवर पडलो होतो. दवाखान्यात मुकादमाच्या घशात नळी घातली. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. तो बरेच दिवस आत होता. सरांना माश्या चावल्याचं काही विशेष झालं नाही. म्हातारी कातडी, सर स्वतःच म्हणाले. पण सायकसच्या पातीचं टोक त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं होतं. तो डोळा गेला. स्वतः लावलेल्या, रोज पाणी घातलेल्या झाडानं.

पोलीस जबाब घ्यायला आले, तेव्हा मी सरांच्या खाटेशी होते. माझा कान आत गुणगुणत होता आणि मला अर्धंच ऐकू येत होतं.

"कुणी सुरुवात केली?" त्यांनी विचारलं.

"मी," सर म्हणाले. "छत्रीनं मारलं. पहिला फटका माझा."

पलीकडच्या वॉर्डात, घशातली नळी काढल्यावर, मुकादमानं सांगितलं की म्हाताऱ्याला ढकलायला नको होतं. दोघांपैकी कुणी तक्रार दिली नाही. माझ्या कानाबद्दल आणि दाताबद्दल मुकादमानं आजवर एक शब्द काढलेला नाही. मीही त्याच्या मनगटाबद्दल काही म्हटलेलं नाही. तिथं माझ्या दातांची खूण अजून आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी टाकीखालची उरलेली मोहोळं टेंभ्यानं जाळली. जळक्या मेणाचा वास विभागात आठवडाभर होता. मग करवतवाले आले आणि अरॉकेरियाचे तुकडे झाले. सरांनी दवाखान्यातून निरोप पाठवला होता: एक चकती आण. मी आणली. ताजं लाकूड होतं, ओलं, पांढरट. त्याचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शेजारी त्या सिरोंचाच्या दगडाच्या पातळ कापाची काचपट्टी ठेवली, जी सरांनी तरुणपणी हातानं घासून केली होती.

दोन्हीत एकच चित्र. पाणी वाहणाऱ्या नळ्या, आणि त्यांच्या भिंतींवर एकमेकींना चिकटून बसलेल्या सहा बाजूंच्या खळ्या, ओळीनं. एक झाड कोट्यवधी वर्षांपूर्वी पुरात मेलं, दुसरं परवा माझ्यासमोर. मधल्या काळात एवढं जळालं, बुडालं, फाटलं, आणि या खळ्यांत काडीचाही फरक नाही. पुस्तकात त्यांना मधाच्या पोळ्याची उपमा देतात. मी एवढी वर्षं मुलांना तीच देत आले होते. त्या दिवशी मात्र डोळा लावून बसले आणि मला उलटी झाली.

सरांना हे सांगताना मला रडू आलं. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. ती त्यांनी बोटांनी नीट केली. मग म्हणाले, "रडू नको. चकती सावलीत वाळव. उन्हात तडकते." आणि भिंतीकडं तोंड करून स्वतःच रडले.

सभागृहाचं काम थांबलं नाही. नर सायकस जेसीबीखाली गेला होता. मादी उरली, फाटकी, एका बाजूची पानं ठेचलेली. महिन्याभरानं मुकादम कामावर परत आला. चेहऱ्याची साल निघाली होती, आवाज घोगरा झाला होता. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, ते काटेरी खजुराचं झाड मलब्यात चाललंय. टाकू का ठेवू?"

मी सरांना फोन लावून त्याच्या हातात दिला.

"तुझ्याकडं जागा आहे?" सरांनी विचारलं.

"माळावर हाय की. लई हाय."

"मग ने. पण शेळ्या-मेंढ्यांपासून लांब लाव. विष आहे त्यात. कुंपण कर आधी."

"व्हय, करतो."

त्यानं त्याच जेसीबीनं झाड मुळाच्या मातीसकट उचललं आणि टेंपोत घालून गावाला नेलं. कुंपण मात्र राहून गेलं. दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला. तो इतका ओरडत होता की मला फोन दुसऱ्या कानाला घ्यावा लागला.

"तुमच्या झाडानं माझ्या दोन शेळ्या मारल्या! तोंडाला फेस, पाय झाडत मेल्या! एक गाभण व्हती!"

मी काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला. त्याच रागात त्यानं कुऱ्हाड घेतली आणि सायकसची झाडून सगळी पानं तोडली, खोडावरही घाव घातले. हे मला त्याच्या आईनं नंतर सांगितलं. म्हातारीनं मधे पडून कुऱ्हाडीचा दांडा धरला. लेकानं रागाच्या भरात हिसडा दिला आणि ती पडली, तिचं मनगट मोडलं. मग त्यानं कुऱ्हाड टाकली. म्हातारीनं त्याला सांगितलं, ज्या माणसाला तू पाठीवर घेतलंस त्याचं झाड हाय, तोडायचं असंल तर त्याला इचारून तोड.

त्यानं विचारलं. सर म्हणाले, "तोड. शेळी तुझी मेली." आणि फोन ठेवला.

त्यानं तोडलं नाही. बाभळीच्या फेसाट्या, काटेरी फांद्या, आणून कुंपण केलं. पुढच्या पावसाळ्यात मी आणि सर तिथं गेलो. सरांना आता रस्ता ओलांडताना उजवीकडचं दिसत नाही. मी त्या बाजूनं चालते. पैठण रस्ता सोडून आत शिरलं की माळच माळ. मुकादम बांधावर उभा होता. सरांना बघून त्यानं हात जोडले, मग लगेच चेहरा आवळला.

"दोन शेळ्या मेल्या, सर. आधी सांगायचं व्हतं."

"सांगितलं होतं. कुंपण कर म्हणून सांगितलं होतं!"

"विष हाय एवढं म्हणाला. शेळी मरंल म्हणून नाय सांगितलं!"

"अरे, विषानं दुसरं काय होतं?"

दोघं तिथंच माळावर भांडायला लागले, एकमेकांच्या तोंडाजवळ बोटं नेत. मी सरांची छत्री हातात घट्ट धरून ठेवली. पण आवाज वर गेले तसे खाली आले. मुकादम खोकायला लागला; घोगऱ्या गळ्यानं त्याला आता फार वेळ ओरडता येत नाही.

सायकस फेसाट्यांच्या आत होता. खोडावर कुऱ्हाडीचे घाव काळे पडले होते. वर नवी पानं आली होती, अजून मऊ, टोकं गुंडाळलेली. सर काट्यांजवळ वाकले, मान तिरकी करून डाव्या डोळ्यानं बघू लागले. मुकादमानं मागून त्यांचा सदरा पकडला आणि मागं ओढलं.

"लांबून बघा. एक हाय तेवढा तरी ऱ्हाऊ द्या."

म्हातारी वाकडं जुळलेलं मनगट मांडीवर घेऊन दारात बसली होती. तिनं आम्हाला बाजेवर बसवलं, काळा चहा दिला, गुळाचा. मग सरांना विचारलं, "दादा, ह्या झाडाला फळ येतं का?"

"बिया येतात. त्याही विषारी."

"सावली?"

"एवढी नाही."

"लाकूड?"

"नाही."

"मंग हे कशाला पाळायचं?"

सरांनी चहाचा घोट घेतला. "मला नाही सांगता येणार," ते म्हणाले.

म्हातारी हसली. "आमचा म्हातारा बी असाच हाय," ती म्हणाली, आणि माळावर मेंढरांमागं गेलेल्या नवऱ्याच्या दिशेनं तिनं हनुवटी उडवली. मुकादमानं सरांची बशी उचलून परत भरली. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच बसलो, आणि परत निघताना त्यानं सरांना मोटरसायकलवर मागं बसवून फाट्यापर्यंत सोडलं. मी पायी आले.